घोंगडीवाल्याच्या पदरचा शब्द

गोष्ट म्हणावी तर एवढीच आहे. माझ्या बायकोनं तांदूळ धुतले आणि ते पाणी दारात ओतलं. बाहत्तरच्या दुष्काळातली गोष्ट. पन्नास वर्षं होऊन गेली, तरी आमच्या घरात ती अजून सांगितली जाते आणि सांगणारा बदलला की गोष्टही बदलते. मी स्वतः तिथं नव्हतो. मी शाळेत पाढे म्हणून घेत होतो. त्यामुळे मला ती कायम दुसऱ्याच्या तोंडूनच मिळाली, आणि ज्यानं जशी सांगितली तशी मी ती खरी मानत गेलो. तीच माझी चूक झाली.

आमचं गाव काष्टीपासून दोन कोसांवर. कोरडं, काळ्या मातीचं आणि भाकरी खाणारं. माझी पहिली नेमणूक मात्र अकोले तालुक्याच्या डोंगरात झाली होती. जिल्हा तोच, पण मुलूख अगदी वेगळा. चार महिने पाऊस, भाताची खाचरं आणि घराघरातून शिजत्या भाताचा वास. तिथल्याच एका शेतकऱ्याची मुलगी मला सांगून आली आणि लग्न झालं. वर्षभरात माझी बदली गावाकडं झाली. घरी मी, बायको आणि आई एवढी तीनच माणसं. वडील मी लहान असतानाच गेले होते. आईनं एकटीनं शेत केलं, मला शिकवलं, आणि ते करता करता तिचं बोलणं खरबरीत झालं. मला ते कधी खुपलं नाही, कारण दुसरं बोलणं मी ऐकलेलंच नव्हतं. "जेव" म्हणायची तेही रागावल्यासारखं.

त्या वर्षी पाऊस आलाच नाही. गावच्या विहिरीचा तळ दिसू लागला. बायका पहाटे पायऱ्या उतरून खाली बसायच्या, झऱ्याला येईल तसं वाटीवाटीनं पाणी गोळा करायच्या, आणि ऊन वर येईतो एक हंडा भरायचा. घरात प्रत्येक पाण्याला दुसरं काम असायचं. तोंड धुतलेलं पाणी पाय धुवायला, भांडी विसळलेलं शेळीला. अंगावर घेतलेलं पाणीसुद्धा खाली घमेलं ठेवून धरायचं. हे कुणी कुणाला शिकवलं नव्हतं, सगळ्यांच्या हाताला ते आपोआप वळण लागलं होतं. एका माझ्या बायकोच्या हाताला नव्हतं, आणि तीही बिचारी रोज आठवून आठवून करायची.

पंचमीला माहेरी न्यायला तिचे वडील आले. आधी काही कळवलं नव्हतं. सकाळची एसटी धरून काष्टीला उतरले आणि चालत आले. सोबत काळभाताच्या तांदळाचं गाठोडं. आमच्या ज्वारीच्या घरात त्या तांदळाचा वास नुसता गाठ सोडताच पसरायचा. ती वडिलांना बघून इतकी हरखली की चूल पेटवून तिनं लगेच भात टाकायला घेतला. तांदूळ तिच्या माहेरी तीन पाण्यांनी धुतात. तिनंही तीन पाण्यांनी धुतले आणि परसदारी येऊन पातेलं रिकामं केलं. त्या क्षणी ती आमच्या घरात नव्हतीच, असं ती नंतर म्हणायची. वडील आले होते, म्हणजे माहेरच आलं होतं.

आई नेमकी त्याच वेळी हंडा डोक्यावर घेऊन परसदारी पोचली. पहाटेपासून विहिरीत बसून भरलेला हंडा. व्याही ओसरीवर बसलेत हे तिला ठाऊक नव्हतं. समोर ओली झालेली जमीन दिसली, आणि तीही तिच्या डोळ्यांदेखत कोरडी होत गेली. आई म्हणाली, "वतलंस व्हय? पावसाच्या मुलखातली तू, तुला काय ठावं पानी म्हंजी काय!"

एवढंच एक वाक्य. ओसरीवर माझ्या सासऱ्यांनी ते ऐकलं. ते जेवले, आईशी चार शब्द बोलले आणि दुपारच्या गाडीनं मुलीला घेऊन गेले. पंचमीला नेणं हा रीतीचाच भाग होता, त्यामुळं कुणाला काही वाटलं नाही. मी संध्याकाळी घरी आलो तेव्हा चुलीवर भाताचं पातेलं झाकून ठेवलेलं होतं. बायको नव्हती.

मी आईला विचारलं, "काय झालं का?"

"काय हुनार? तांदळाचं पानी वतलं दारात. म्या आपलं बोलले."

दुसऱ्या दिवशी गोष्ट रस्त्याच्या कामावर गेली. दुष्काळी काम म्हणून अर्धं गाव खडी फोडायला जायचं. शेजारच्या काकूंनी भिंतीपलीकडून ऐकलं होतं. त्यांच्या सांगण्यात 'वतलं' राहिलं नाही, "मास्तरीनबाईनं पानी फेकून दिलं" असं झालं. दगड फोडता फोडता माणसं बोलत राहतात, आणि हातात घण असला की शब्दही जरा जोरातच पडतो. चौथ्या दिवशी मला एकानं रस्त्यात गाठून विचारलं, "गुरुजी, हंडा फेकला म्हनं? भरल्याला?" मी म्हणालो, "नाही हो, तांदळाचं धुवण होतं." त्यानं मान हलवली, पण त्याला हंड्याचीच गोष्ट जास्त आवडलेली दिसत होती.

तिकडं डोंगरातही गोष्ट स्वस्थ बसलेली नव्हती. बायकोनं घरी सांगितलं होतं, "माझ्या हातून पाणी सांडलं, म्हणून आत्या बोलल्या." ती सासूला आत्याच म्हणायची. तिच्या तोंडी पाणी सांडलं होतं, ओतलं नव्हतं. ती काही खोटं बोलत नव्हती. तिच्या मनात ते सांडलंच होतं. पण त्या घरात आत्या, मावश्या, चुलत्या जमल्या, आणि ज्या मुलखात चार महिने ओल्या कपड्यांत वावरायचं, तिथं पातेलंभर पाण्यावरून कुणी बोलतं हे कुणाच्या डोक्यात शिरेना. मग त्यांनी आपल्याला समजेल अशी गोष्ट करून घेतली. पोरीला पाण्याला महाग केलंय. पोटभर पाणी पिऊ देत नाहीत. बाप समोर बसलेला असताना सुनेला फाडून खाल्लं.

पंचमी झाली, गौरी-गणपती झाले. ती आली नाही. दसरा आला. मी रोज शाळेतून येताना लांबूनच घराकडं बघायचो. आई एकटी चुलीपुढं असायची. आम्ही दोघं समोरासमोर बसून जेवायचो. मला बायकोची आठवण यायची, हे मी आज सरळ लिहितो. तेव्हा स्वतःशीसुद्धा म्हणवत नव्हतं. पाणी पिताना ती तांब्या दोन्ही हातांनी धरायची. तेवढंसुद्धा आठवायचं.

दसऱ्यानंतर मी पत्र लिहायला बसलो. गावात अर्ज, पत्रं, तक्रारी लिहून द्यायचं काम माझंच. आपल्याला लिहिता येतं याचा मला ताठा होता. सासऱ्यांना लिहिलेल्या त्या पत्रातली वाक्यं मला अजून पाठ आहेत, कारण पुढं आयुष्यभर ती मला घरात ऐकवली गेली. "आपल्या कन्येच्या हातून टंचाईच्या काळात पाण्याचा अपव्यय झाल्याने मातोश्रींनी तिला समज दिली. सदर बाबीचा विपर्यास केला जात असल्याचे समजते. तरी तिने विनाविलंब येथे रुजू व्हावे."

रुजू व्हावे! नव्या नवऱ्यानं रुसलेल्या बायकोला हे लिहिलं. मला म्हणायचं होतं, तू ये, घर खायला उठतंय. पण पेन हातात धरलं की माझ्या अंगात तालुक्याचं ऑफिस यायचं. पत्र पाकिटात घालून मी वर 'तातडीचे' असंही लिहिलं.

ते पत्र तिकडं कसं वाचलं गेलं तेही मला नंतर कळलं. सासऱ्यांना अक्षर लागायचं नाही. त्यांनी गावातल्या एका वाचत्या गृहस्थाला बोलावलं. त्या गृहस्थाला वाटलं हा कोर्टाचा कागद आहे, म्हणून त्यानं उभं राहून, घसा साफ करून, एकेक शब्द तोडून वाचलं. अपव्यय म्हणजे काय हे कुणाला ठाऊक नव्हतं. त्यानंच सांगितलं की मोठा गुन्हा असतो. माझी बायको दाराआड उभी होती. चौथीपर्यंत शिकलेली होती, स्वतः वाचलं असतं तर कदाचित हसली असती. पण तिनं ते ऐकलं, त्या आवाजात.

पंधरा दिवसांनी पोस्टकार्ड आलं. दोनच ओळी होत्या. "आमची मुलगी कोणाच्या नोकरीत नाही. जिथं पाण्याला महाग केलं तिथं पाठवणार नाही."

मी ते आईला वाचून दाखवलं. आईनं ते कार्ड हातात घेऊन उलटंपालटं करून बघितलं. मग म्हणाली, "तू काय लिव्हलं हुतंस?" मी माझ्या पत्राची नक्कल काढून वाचली. नक्कल ठेवायची सवय मला तेव्हाही होती. आईनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "ह्यात मी कुठं हाय? आन् तू तरी कुठं हायेस?"

दिवाळी झाली. थंडी पडू लागली तसा दरवर्षीसारखा घोंगडीवाला आला. साठीचा माणूस, वाळलेला, डोक्याला मळकं पागोटं. आमच्या भागातून घोंगड्या घ्यायचा आणि डोंगरात नेऊन विकायचा, कारण थंडी आणि पाऊस दोन्ही तिथंच. गावोगाव फिरताना तो सांगावे न्यायचा. कुणी आजारी आहे, कुणाकडं लग्न ठरलंय, कुणी रागावून बसलंय, ते सगळं तोंडी. पोस्टापेक्षा त्याच्यावर लोकांचा भरवसा जास्त होता.

आईनं त्याला ओसरीवर बसवलं. मी म्हणालो, "मी चिठ्ठी लिहून देतो, ती घेऊन जा." त्यानं माझ्याकडं बघून हात जोडले.

"नगं गुरुजी. कागदाला आवाज नस्तो. वाचनारा आपला घालतो."

मला राग आला होता, पण पेन मी परत खिशाला लावलं.

सांगावा घ्यायची त्याची एक पद्धत होती. आधी तो विचारायचा, कुणाला सांगू. मग, कुणाच्या देखत. मग, बसून सांगू का उभ्यानं. हे सगळं झालं की सांगणाऱ्यानं वाक्य बोलायचं आणि त्यानं ते तसंच्या तसं त्याच आवाजात परत म्हणून दाखवायचं. चुकलं तर पुन्हा. बायकांचे आवाज तो असे काढायचा की बाकीच्या बायका पदर तोंडाला लावून हसायच्या, पण त्याच्या तोंडावर हसू नसायचं.

"बोल आक्का," तो म्हणाला.

आई म्हणाली, "जे म्हनले त्येच सांग. म्या काय खोटं बोलले न्हाई. पावसाच्या मुलखातली तू, तुला काय ठावं पानी म्हंजी काय."

"आजून?"

"आजून काय न्हाई." मग जराशानं, "शेळी याली म्हनावं. दोन पिल्लं हायेत."

मी मध्ये पडलो. "आई, अगं तेच वाक्य पुन्हा पाठवतेस? त्यावरूनच तर सगळं झालं. चुकलं म्हण की."

"चुकलं न्हाई तर कशाला म्हनू?" आई म्हणाली. तिचा आवाज मात्र मोडला होता. ते वाक्य तिनं परसदारी म्हटलं असेल तसं आता म्हटलं नव्हतं. हंडा डोक्यावर नव्हता, दम लागलेला नव्हता. तीन महिने ती एकटी विहिरीवर जाऊन आली होती. शब्द तेच होते, पण ऐकताना वाटलं, ही सुनेची चूक सांगत नाही, तिची बाजू सांगते आहे. आई स्वतः मात्र एक शब्द बदलायला तयार नव्हती.

घोंगडीवाल्यानं ते तिच्या आवाजात परत म्हटलं. आवाजातला तो मोडलेपणाही त्यात आला. मग त्यानं विचारलं, "पोरीला काय म्हनून हाक मारतीस, आक्का?"

आई गोंधळली. "हाक कशाला मारायची? घरातच तर आसती."

त्यानं मान हलवली, घोंगड्यांचं गाठोडं उचललं आणि तो गेला.

तीन आठवडे झाले. त्या तीन आठवड्यांत मी शाळेत दोन मुलांना विनाकारण मारलं. अजून वाईट वाटतं. आई शेळीच्या पिल्लांशी बोलत बसायची.

एका सकाळी घोंगडीवाला परत आला. सगळ्या घोंगड्या खपल्या होत्या, हात मोकळे होते. पाणी पिऊन त्यानं सांगायला सुरुवात केली. सासऱ्यांच्या पडवीत तो बसला, तेव्हा त्यांनी त्याच्यापुढं भरलेला तांब्या ठेवला. तो अर्धा प्याला. उरलेलं पाणी त्याच्याच्यानं टाकवेना. बाहेर जाऊन टाकावं तर हात वर होईना. शेवटी त्यानं ते ओंजळीत घेऊन डोळ्यांना लावलं, मानेवरून फिरवलं आणि उरलेलं दारातल्या तुळशीला घातलं. घरातली माणसं बघत राहिली. माझी बायको दारात उभी होती. मग त्यानं सांगावा सांगितला, बसून, सगळ्यांच्या देखत.

"काय सांगितलं?" मी विचारलं.

त्यानं आईचा आवाज काढला. "पावसाच्या मुलखातलं लेकरू त्ये, त्याला काय ठावं पानी म्हंजी काय. आन् शेळी याली म्हनावं. दोन पिल्लं हायेत."

मी आईकडं बघितलं. आई त्याच्याकडं बघत होती.

"लेकरू मी म्हनले नव्हते," आई म्हणाली.

"व्हय आक्का. त्यो सबुद माझ्या पदरचा." तो खाली बघून म्हणाला. "चाळीस वरसं सांगावं नेतोय, आजवर कुनाच्या बोलन्यात घातला न्हाई. पन तुजं वाक्य घेऊन डोंगर चढत हुतो, आन् मला त्यात एक जागा मोकळी दिसाया लागली. तू तिथं काय म्हननार हुतीस ते तुला गावत नव्हतं. म्या घातलं. आता त्यो तुला निभवावा लागंल. बाजाराच्या दिशी येत्यात ती."

आई उठून आत गेली. त्याला भाकरी बांधून दिली. तो गेल्यावर माझ्यावर मात्र उगीचच ओरडली, की शाळेची वेळ झाली, बसलायस काय.

बाजाराला चार दिवस होते. दुसऱ्या दिवशी पहाटे मला गोठ्यातून आवाज आला. आई शेळीच्या पिल्लाला दूध पाजत होती. "ये लेकरा," ती म्हणाली. थांबली. परत म्हणाली, "ये गं लेकरा." मग, "आलं का लेकरू." ते असं वेगवेगळ्या तऱ्हांनी म्हणून झालं, पण प्रत्येक वेळी तिचं तिलाच पटेना. मला जन्मात तिनं त्या शब्दानं हाक मारलेली नव्हती. मी दाराशी उभा आहे हे दिसताच म्हणाली, "काय बगतोस? दूध पीत न्हाई त्ये पिल्लू." मी परत जाऊन अंथरुणात पडलो आणि मला रडू आलं. आईची कीव आली म्हणून नव्हे, माझंच मला कळलं म्हणून. इतकी वर्षं सोबत राहून मला वाटायचं, हिच्या बोलण्यात मायाच नाही. माया होती, तिला फक्त शब्द मिळाला नव्हता.

बाजाराच्या दिवशी मी काष्टीला स्टँडवर जाऊन उभा राहिलो. गाडी आली. आधी सासरे उतरले, मग ती. वाळली होती. माझ्यासमोर येऊन उभी राहिली आणि वडिलांना ऐकू जाणार नाही इतक्या हळू म्हणाली, "रुजू झाले, गुरुजी. सही कुठं करू?"

मी मान खाली घातली. "चुकलं माझं," मी म्हणालो. एवढं साधं वाक्य मला पत्रात सुचलं नव्हतं.

आम्ही तिघं चालत गावी आलो. सासरे फारसं बोलले नाहीत. रस्त्याच्या कडेला फुटलेल्या खडीचे ढीग, कोरडी पडलेली शेतं, आटलेला ओढा, असं सगळं ते थांबून थांबून बघत होते. पंचमीला ते याच वाटेनं आले होते, पण तेव्हा घाईत होते. आज एका वळणावर उभे राहिले आणि म्हणाले, "एवढं आहे होय."

आई दारात उभी होती. हातात ओवाळायचा भाकरतुकडा आणि दुसऱ्या हातात तांब्या. माहेराहून आलेल्या सुनेच्या पायावर पाणी घालून तिला घरात घ्यायचं, ही रीत आहे. पण त्या वर्षी गावात कुणी ती पाळत नव्हतं. दोन थेंब शिंपडायचे आणि भागवायचं. आईच्या हातातला तांब्या काठोकाठ भरलेला होता. पहाटे ती नेहमीपेक्षा आधी विहिरीवर गेली होती, हे माझ्या लक्षात आलं नव्हतं.

आईनं भाकरतुकडा ओवाळला. मग तांब्या वाकडा केला.

"आत्या, पाणी!" बायको घाबरून म्हणाली. तिनं पाय मागं घेतला.

"ऱ्हाऊ दे," आई म्हणाली. आवाज नेहमीसारखाच खरबरीत होता. चार दिवस गोठ्यात घोकलेलं सगळं ती विसरली होती. तोंड उघडलं, मिटलं. सासरे बघत होते, मी बघत होतो, भिंतीपलीकडून काकू बघत होत्या. मला वाटलं, आता ही काहीतरी भलतंच बोलणार. मग ती घाईघाईनं, जवळजवळ रागावून म्हणाली, "लेकराच्या पायाव वततीय मी. वतू दे."

बायको तशीच उभी राहिली. मग तिनं इकडंतिकडं बघितलं, भिंतीला टेकवलेलं घमेलं ओढलं, आणि नवी साडी वर धरून दोन्ही पाय त्या घमेल्यात ठेवून उभी राहिली.

"आता वता," ती म्हणाली.

आईनं सगळा तांब्या तिच्या पायांवर ओतला. एक थेंब जमिनीवर गेला नाही. मग आई खाली बसली आणि त्या पाण्यानं तिचे पाय हातानं चोळून धुऊ लागली. सासूनं सुनेचे पाय असे धुणं कुठल्याच रीतीत बसत नाही, पण त्या दिवशी तिला कुणी अडवलं नाही. सासऱ्यांनी पागोटं काढून हातात घेतलं आणि डोळे पुसले. नंतर बायकोनं ते घमेलं उचलून शेळीपुढं नेऊन ठेवलं.

त्यानंतर आई बावीस वर्षं जगली. बायकोला ती लेकरूच म्हणायची, अगदी रागावतानासुद्धा. "लेकरा, मीठ जास्त पडलंय, कळत न्हाई का?" असं. मला ती शेवटपर्यंत "आरं" म्हणूनच हाक मारायची. मी त्याची तक्रार केली की दोघी मिळून हसायच्या.

आम्ही दोघं मायलेकरं मात्र एक गोष्ट लपवून होतो. तो शब्द आईचा नव्हता, घोंगडीवाल्याचा होता, हे बायकोला कधी सांगितलं नाही. आई गेल्यावर तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी आम्ही दोघंच घरात होतो. ती पाणी पीत होती, तांब्या दोन्ही हातांनी धरून. मला राहवलं नाही. मी सगळं सांगून टाकलं. सांगाव्यात तो शब्द नव्हता, त्या माणसानं तो आपल्या पदरचा घातला होता, आणि आई चार दिवस शेळीच्या पिल्लांवर तो म्हणून बघत होती.

तिनं तांब्या खाली ठेवला.

"मला तिथंच कळलं होतं," ती म्हणाली. "आत्या असं कुठं बोलायच्या? आणि तो शब्द म्हणताना त्या म्हाताऱ्यानं खाली बघितलं. बाकीचं सगळं माझ्याकडं बघून म्हणाला होता."

"मग कळूनसुद्धा आलीस?"

"म्हटलं, आत्यांना हा शब्द म्हणता येतो का, ते जाऊन बघावं."

"आणि आला नसता तर?"

ती माझ्याकडं बघत राहिली. मला वाटलं, मी उगीच विचारलं.

"तुमची आई भरला तांब्या घेऊन दारात उभी होती," ती म्हणाली. "त्यांनी तोंड उघडायच्या आधीच मला तो शब्द ऐकू आला होता."